जीभ उचल

दादाला जाऊन सव्वा महिना झाला. त्या दिवशी सकाळी दवाखान्यातून नर्सचा फोन आला, "दीदी, भैया नहीं रहे," तर मी विचारलं, "कौन से भैया? बेड नंबर बताओ." असा माझा मेला स्वभाव! तीस वर्षं शाळेत कॉप्या पकडल्या; समोरचा माणूस खरं बोलतोय यावर चटकन विश्वास बसतच नाही.

बुढापारा मोहल्ल्यातल्या घरात आम्ही दोघंच... रेल्वेतून रिटायर झालेला माझा थोरला भाऊ मधुदादा आणि मी. त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला, पण रोजची एक गोळी घेऊन चार-पाच वर्षं तो गोल बाजारात पिशवी घेऊन मजेत हिंडत होता. मग रक्ताचे आकडे पुन्हा वाढायला लागले. माझा पहिला संशय दुकानदारावर: गोळ्या नकली. दुकान बदललं, तरी आकडे वाढतेच. मग संशय दादावर. हा अभनपूरच्या कुठल्याशा वैद्याची पुडी घेतो आणि गोळी गुपचूप थुंकतो, अशी माझी खात्रीच झाली. रोज नाश्त्यानंतर मी त्याच्यासमोर उभी. "आ कर. जीभ उचल."

"काहून खोटं बोलीन वं मी तुह्याशी?" तो म्हणायचा... आणि निमूट जीभ उचलायचा. बहात्तर वर्षांचा माणूस!

डॉक्टरांनी रक्त घेतलं आणि कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढून तपासायला पाठवली. रिपोर्ट आल्यावर म्हणाले, "दीदी, गोली असली है, खून में पूरी मिली. कैंसर की कोशिकाओं में एक गुणसूत्र बढ़ गया है. कोशिकाएँ ही बदल गईं, अब यह गोली उन पर चलती नहीं." म्हणजे लबाडी त्या पेशींची होती. मला तेही पटेना. नमुना दुसऱ्या कुणाचा असेल, परत काढा, म्हटलं. "राहू दे ना, लय दुखते ते," दादा म्हणाला. मी ऐकलं नाही. पडद्याआडून त्याचं कण्हणं ऐकू येत होतं. रिपोर्ट पुन्हा तोच आला; डॉक्टरांनी गोळी बदलून दिली.

दुसऱ्या दिवशी नवी गोळी गिळून तो आपणहून माझ्यासमोर आला, आ केला, जीभ उचलली. "पाहून घे सुमे, बराबर." आणि मी पाहिलंही! माफी मागायचं मनात आलं होतं... उद्या मागू म्हटलं. नव्या गोळीनेही आकडे उतरले नाहीत, दादा दवाखान्यात भरती झाला, आणि तो उद्या मी रोज पुढे ढकलत राहिले.

आता घरात गोळी फक्त माझी, बीपीची. सकाळी ती गिळते, त्याच्या खुर्चीसमोर उभी राहते आणि जीभ उचलते. "घेतली रे दादा," म्हणते, "खरंच घेतली."