खरजेचे हात

दुष्काळाच्या साली आमच्या गावात ज्याच्या त्याच्या अंगाला खरूज होती. गोदावरीच्या काठचं गाव, पण नदीत नुसती वाळू. वाळूत खड्डे करून वाटीवाटीने पाणी भरायचं, तिथे आंघोळ कुणाला सुचणार? मी सकाळी बाळंतिणींना आणि तान्ह्या पोरांना न्हाऊ घालायचे आणि उरलेला दिवस सरकारी कामावर खडी फोडायचे. नवरा मेलेला, पदरात दोन पोरी. खडीच्या मजुरीवर तिघींचं भागत नव्हतं. न्हाऊ घालायचं काम हातचं गेलं असतं तर घरात ज्वारी आली नसती.

खडीच्या कामावरच मला खरूज लागली. बोटांच्या बेचक्यात पुटकुळ्या आल्या. तेव्हा माझ्याकडे एका बागाईतदाराचं घर होतं, सून नुकतीच बाळंत झालेली. दुसऱ्या बाईचा हात बसला की मला परत कोणी बोलावणार नाही, हे मला कळत होतं. पण खरूज माझ्या धाकटीच्या अंगावर कशी चिघळली तेही मी रोज बघत होते. न्हाणीत न शिरता मी दारातूनच त्या घरच्या म्हातारीला हात दाखवले.

"मामी, मला खरूज झालीया. बरी होईस्तवर पोराला हात लावत न्हाई. तवर दुसरी कुणी बघा."

म्हातारीने तोंड वाकडं केलं. "मागच्या टायमाला मधीच बाई बदलली तर पोर गेलं. आता बदलायची न्हाई."

"मग पोराला खरूज हुईल."

"लई डाक्तरीण झालीस व्हय गं? ये हिकडं. खरूजच मारते तुझी."

चुलीवर हंड्यात कडुलिंबाचा पाला उकळत होता. तिने ते पाणी घमेल्यात ओतलं, वर मूठभर मीठ टाकलं. मला वाटलं, निवल्यावर हात धुवायला देईल. तेवढ्यात तिने लेकाला हाक मारली, "धर रं हिला."

लेकाने मागून माझे दंड आवळले. त्याच्या मनगटावरही खपल्या होत्या, त्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. म्हातारीने माझे दोन्ही हात धरून घमेल्यात दाबले. मी किंचाळले.

"वरडू नको, पोर दचकतंय," ती म्हणाली.

बाळंतीण आतून धडपडत आली. "आत्याबाई, सोडा तिला, मरंल ती!" मला धरलेल्या तिच्या नवऱ्याने एका हाताने तिच्या थोबाडीत मारली. ती भिंतीवर आपटली आणि खाली बसली.

हात वर काढले तेव्हा कातडी भिजल्या कागदासारखी सुटत होती. लेकाने माझे दंड सोडले, म्हातारीने पाट सरकवला. "बस आता. मेला किडा. घाल पोराला न्हाऊ."

मी चुलीतलं पेटतं लाकूड ओढलं आणि तिच्या तोंडावर घातलं. एकदा नाही, दोनदा. ती कोसळली, तिचे केस जळाल्याचा वास आला. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. लेकाने माझ्या पोटात लाथ घातली, केसाला धरून फरफटत अंगणातून रस्त्यावर आणलं आणि चाबकाने फोडून काढलं. बैलालाही कोणी तसं मारत नाही. गाव उभं राहून बघत होतं. एकजण पुढे आला तर दुसरा त्याला म्हणाला, "हात नगं लावू, खरजुली हाय ती." तो मागे सरला. शेवटी माझ्या थोरलीने मला उठवलं.

तालुक्याच्या दवाखान्यात भाजल्याचं मलम दिलं आणि खरजेचं गंधकाचंही दिलं. खरूज लवकर गेली. बोटं मात्र आखडली ती आखडलीच. तिकडे त्या पोराला खरूज झाली. बापाच्याच मांडीवर असायचं ते. घरच्यांनी नाव माझं घेतलं.

पुढे खालच्या आळीतल्या एका घरी मला बोलावलं. मी पाय पसरून बसले, पोर पायावर पालथं घेतलं आणि पाठीला तेल लावलं. तळहात टेकेना, नखंच लागत होती. पोराच्या पाठीवर लाल ओरखडा उठला आणि ते किंचाळलं.

"सावकाश गं बाई," त्याची आजी म्हणाली.

"माझ्यानं व्हायचं न्हाई," मी म्हणाले. पोर तिच्या हातात दिलं, तेल लुगड्याला पुसलं आणि खडीवर गेले. हातोडी धरायला बोटं सरळ लागत नाहीत.