पेटीवाल्याची जागा

काल दुपारी माझी थोरली बहीण मेथी निवडत बसली होती. माझ्या मुलीनं फोनवर तिच्या लाडक्या पॉप गायिकेचा नवा अल्बम लावला. त्यात निम्मी गाणी नवी, निम्मी जुनीच पुन्हा गायलेली.

"आत्या, हे बघ तुझं आवडतं जुनं गाणं!"

मूळ गाण्यात कडवं संपलं की जुनी गायिका थांबायची आणि पेटी एकटीच थोडा वेळ रेंगाळायची. तेवढ्यात ताई नवी जुडी उचलायची. वर्षानुवर्षांची सवय. कालही तिनं हात पुढे केला, पण ही बया थांबलीच नाही. त्या जागेत तिनं 'ओ ओ ओ' कोंबलं. ताईचा हात तसाच अधांतरी राहिला.

चौकात मोकळा कोपरा दिसला की वाढदिवसाचा फ्लेक्स ठोकणारे दादा असतात ना, त्यातलीच ही. शांतता दिसली की लावला आपला फोटो! नवी गाणीही ऐकली. तीही जुन्यांसारखीच, म्हणजे हिनं बिघडवलेल्या जुन्यांसारखी.

"कशी गाते, आत्या?" मुलीनं विचारलं.

"आवाज गोड आहे गं," ताई म्हणाली. "पण जरा गप्प बस म्हणावं तिला. पेटीवाला बिचारा कधीचा खोळंबलाय."