आईच्या पेन्शनचा फोन

बाबा न्हावा शेव्याच्या एका खासगी कंटेनर यार्डात होते. यार्डाने कामगारांची पेन्शन एका विमा कंपनीकडे लावून दिली होती. बाबा गेल्यावर ती आईला मिळू लागली आणि यंदा अचानक बंद पडली. आई करंजाड्याला माझ्याकडे राहते, पण औषधं स्वतःच्या पेन्शनमधून आणते. उरणच्या खाडीकाठी जन्मभर मासळी विकलेली बाई, लेकीपुढे हात पसरणार नाही. पेन्शन गेली तर ती गोळ्या घेणंच सोडून देईल, हे मला ठाऊक होतं.

पण विचारायचं कुणाला? यार्डाला टाळं लागलं होतं. विमा कंपनीच्या नंबरावर एक गोड आवाजाची बाई हे बटण दाबा, ते बटण दाबा करत बसायची. मेलीचा गळाच दाबावासा वाटायचा. पनवेलची शाखा दुसरीकडे हलली होती. मग मी दिसेल त्याला विचारत सुटले. यार्डाचा जुना वॉचमन, स्टेशनजवळचा झेरॉक्सवाला, पेन्शनरांचा व्हॉट्सॲप ग्रुप, सगळीकडे आईचा नंबर देऊन ठेवला. यातलं कोण फितूर झालं, ते अजून कळलेलं नाही.

एका दुपारी आई गॅलरीत जवळा निवडत बसली होती. फोन वाजला. हात भरलेले म्हणून आईने स्पीकर लावला. पलीकडचा माणूस पेन्शनच्या ऑफिसातून बोलतोय म्हणाला, आणि बोलला चक्क आमच्या बोलीत.

आमच्याकडे अनोळखी माणसाला पारखायची एकच रीत. आईने विचारलं, "कोनाचा रं तू?"

"तुमीच वलखा ना, मावशी. आमी तुमचेच बाजूचे हाव."

झालं! त्याला ओळखायला म्हणून आई घरं मोजत निघाली. खालच्या आळीतल्या होडीवाल्याचा का? विहिरीजवळच्यांचा का? हे सगळं सांगताना आपला बाप, आजोळ, बाबांचं पूर्ण नाव, बँक, सगळं ओघात येऊन गेलं. तो नुसता "हां, मावशी" म्हणत होता. आई खुलली होती. बाबा गेल्यापासून इतकी खुललेली मी पाहिली नव्हती, म्हणून मी स्वयंपाकघरातच थांबले.

मग त्याने हयातीचा दाखला राहिलाय म्हणून सांगितलं. फोन तोंडासमोर धरा. डोले मिटा. आता उघडा. आईने फोनवर आलेले आकडेही त्याला वाचून दाखवले.

पुढे तो अधूनमधून फोन करायचा, गुडघ्याची चौकशी करायचा. पेन्शन मात्र येईना. शेवटी मी नव्या पनवेलमध्ये हलवलेली शाखा शोधून काढली.

"पेन्शन चालू आहे की," तिथला माणूस म्हणाला, "वेळेवर जाते."

"कुठे?"

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला. आई होती, आमच्या गॅलरीत, डोळे मिटलेली. खाली बँकेचं खातं होतं, ते आमचं नव्हतं. तक्रार लिहून दिली, पोलिसांतही गेले. बघू, म्हणाले.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मी घेणार तर तिने माझा हात बाजूला सारला, स्पीकर लावला आणि विचारलं, "कोनाचा रं तू?"

या वेळी तो 'तुमीच वलखा' म्हणाला नाही. आईच्या बापाचं नाव घेतलं. खालच्या आळीतला होडीवाला, विहिरीजवळचं घर, आजोळ, बाबा, सगळं एका दमात, आईनेच सांगितलेल्या क्रमाने. आमच्याच घरातला असल्यासारखा तो बोलत होता, आणि आई स्वतःचंच घर परक्याच्या तोंडून ऐकत बसली होती.

"मावशी, गोल्या टायमावर घे," तो शेवटी म्हणाला. "तब्येतीला जप. पुडच्या वर्साला परत तुजा फोटो लागंल."