ड्रमाजवळची खुर्ची

परवा कांदिवलीला भाच्याच्या गच्चीवर गेले होते. त्याने नवा, काळा, चकचकीत स्मोकर आणलाय. आत कोंबडी ठेवून त्याने वरचा आणि खालचा, दोन्ही झरोके घट्ट बंद केले होते आणि आता धूर आतच मुरेल म्हणून समाधानाने हात पुसत उभा होता. झाकणाच्या फटीतून पिंजलेल्या कापसासारखा दाट पांढरा धूर बाहेर येऊ लागला, आणि माझ्या जिभेच्या मुळाशी एक ओळखीचा कडवटपणा दाटला. मी म्हटलं, वरचा झरोका पूर्ण उघड, खालचा बोटभर, विस्तव गुदमरलाय. त्याने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं. जन्मभर बँकेत आकडे लिहिणाऱ्या आत्याला धुरातलं काय कळतं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

मला ते शिकवलं एका कोळणीने. बोरिवलीत आमच्या इमारतीची मागची भिंत जुन्या कोळीवाड्याला लागून आहे, आणि त्या भिंतीपलीकडच्या अंगणात तिचा ड्रम होता. मासळी उन्हात वाळवायची ही तिथली रीत; धुरी देणं तिच्या नवऱ्याने आणलं. तो जहाजावर आचारी होता. कुठल्याशा परक्या बंदरात पाहून आला आणि घरी परतल्यावर त्याने तेलाचा एक लोखंडी ड्रम कापला, वर नळकांडं बसवलं, खाली वीतभर खिडकी पाडून तिला सरकता पत्रा लावला. तो गेल्यावर ड्रम तिने चालवला. तिच्या धुरीच्या बांगड्यासाठी अंधेरीहून माणसं येत.

मी तिथे गेले ते मात्र तक्रार घेऊन. आमच्या सोसायटीत धुराबद्दल कुरबूर सुरू झाली होती आणि कमिटीची सेक्रेटरी मी. भांडणाची तयारी ठेवूनच फाटक उघडलं. तिने सगळं ऐकून घेतलं, पदराने प्लास्टिकची एक खुर्ची पुसली, ड्रमाजवळ ठेवली आणि चहा टाकला. परत ये, असंही म्हणाली. घरी सांगितलं तर माझे यजमान हसले. ती बाई कुणाला पाणीसुद्धा उगाच पाजणारी नाही, तक्रार दाबायला तुला जवळ करतेय, म्हणाले. ते वाक्य कुसळासारखं मनात रुतून बसलं.

तरी मी जात राहिले, आठवड्यातून दोनदा, पाळत ठेवल्यासारखी. खटकण्यासारखं बरंच होतं. खुर्ची नेहमी धुराच्याच बाजूला. मी सरकवली की बोलता बोलता ती पुन्हा जागेवर आणायची. बोलताना माझ्या डोळ्यांत न पाहता सगळा चेहरा न्याहाळायची, सोनाराने दागिना पारखावा तशी. आणि मी नाक मुरडलं की नेमकी त्याच क्षणी वाकून खालचा पत्रा सरकवायची. तिलाही माझा भरवसा नव्हताच. मी फोन काढला की विचारायची, तक्रारीसाठी फोटो काढतेस काय. अशा दोन संशयी बायका एका विस्तवाशी बसलेल्या. पण शिकवताना तिने हात आखडला नाही. वरचं नळकांडं कधी मिटायचं नाही, ती सांगायची. विस्तवाचं माणसासारखंच, सोडलेला श्वास बाहेर पडला नाही तर तो घुसमटतो आणि सगळा राग मासळीवर काढतो. हवा मापायची ती खालच्या खिडकीतून. खाडीवरचा वारा वाढला की खिडकी अर्धी करायची, पडला की उघडायची. धूर असा विरळ, निळसर हवा की पलीकडची भिंत त्यातून दिसली पाहिजे.

एका दुपारी मी जरा लवकर गेले. फाटकातच गॅसचा भपकारा आला. ती उंबऱ्यावर शांत बसली होती आणि ड्रम पेटवायला काडी ओढण्याच्या बेतात होती. मी धावत जाऊन काडेपेटी हिसकावली, आत जाऊन सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. बाहेर येऊन काडेपेटी तिच्यासमोर धरली. ती मान खाली घालून म्हणाली, "मना वास येत नाय गो बाय. दोन वर्सं जाली. तापात गेला, तो आलाच नाय."

तेव्हा सगळं उलगडलं. मी म्हटलं, "म्हणजे माझं नाक वापरत होता तुम्ही."

तिने नाकारलं नाही. "धुराचा रंग डोल्यांना दिसते, पन उशिरा. कडू जाला का तुज्या तोंडावर आधी दिसते." मग माझा हात धरून म्हणाली, "सुनंला सांगू नको. ड्रम भंगारात घालील."

मला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. चहाचा प्रत्येक कप आठवून मी मनात खोटा ठरवत गेले. दोन आठवडे फिरकले नाही. बाल्कनीतून मात्र दिसायचं, नळकांड्यातून दाट पांढरा धूर निघतोय. त्या दुपारची काडी डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी तिचा शब्द मोडून मी सुनेला फाटकाशी गाठलं. सून अंधेरीला ऑफिसात नोकरी करायची. तिने ऐकलं, सिलिंडरचं कळल्यावर क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "वासाचं मला माहितीय ताई. रोज निघताना गॅस मीच बंद करून जाते. त्या दिवशी घाईत राहिला असणार."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर आईंनी ड्रम पेटवायचा सोडला असता. तुम्ही येता, म्हणून मी निर्धास्त होते."

पुढच्या आठवड्यात घरात विजेची शेगडी आली. सिलिंडर वेळेवर मिळत नाही, असं सासूला सांगण्यात आलं. कमिटीत मी वाऱ्याचं गणित मांडलं आणि वारा खाडीकडे वाहत असेल तेव्हाच ड्रम पेटवायचा, असं ठरलं. मी पुन्हा जाऊन खुर्चीत बसू लागले. नाकाचा विषय आम्ही दोघींनी कधी काढला नाही.

वर्षभराने तिचे हात थकले आणि ड्रम थांबला. त्यानंतर एका संध्याकाळी तिचा निरोप आला, येऊन जा. गेले. ड्रम थंड होता. तिने चहा दिला, नवऱ्याच्या जहाजाच्या, बंदरांच्या गोष्टी काढल्या. दिवेलागण होईपर्यंत बोलत होती. मी ऐकत होते, पण मन दुसरीकडेच. आता हिला काय हवंय? भिंतीचं काही? सुनेची तक्रार? निघताना राहवलं नाही, विचारलंच, "मावशी, काही काम होतं का?"

तिने माझा रिकामा कप उचलला. "नाय गो," म्हणाली, "काम काय नव्हता."

महिन्याभरात ती गेली. संशयाने मला आयुष्यात पुष्कळदा वाचवलं असेल, नाही म्हणत नाही. त्याने काय काय हिरावून नेलं याचा पत्ता मात्र फार उशिरा लागतो. त्या संध्याकाळी तिला माझ्या नाकाची गरज उरली नव्हती, आणि मी मात्र दिवे लागेपर्यंत वास काढत बसले होते.