टेकडी उजवी घालून

दोनशे घोडेस्वार गुडघाभर दलदलीतून घटकाभरात पार झाले कसे? या प्रश्नापुढे अश्लेषाने हात टेकले होते.

नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात राहणारी ही इंजिनिअर नोकरीत यंत्रांचे आराखडे तपासी आणि सुट्टीत अठराव्या शतकातील लढायांचे नकाशे करी. संगणकावर सर्वांत खाली उंचसखल भूमीचा लेअर, त्यावर जुन्या मोजणीचा अर्धपारदर्शक कागद, मग ओढे, आणि सर्वांत वर फौजांचे बाण. अलीकडचे रस्ते आणि तलाव ती इतक्या निगुतीने पुसे, की पुण्याचे संपादक अभिराम म्हणत, "तुम्ही एका क्लिकमध्ये धरणं फोडता!"

त्यांच्या नव्या पुस्तकातला, भीमाकाठच्या एका चकमकीचा नकाशा सोमवारी छापला जायचा होता. आधार एकच, एका कारकुनाचे पत्र: 'टेकडी उजवी घालून दोनशे स्वारांची फौज घटकेत उत्तरेस गेली.' अश्लेषाने बाण टेकडीच्या उजव्या, म्हणजे पूर्वेच्या अंगाने काढला. तिथे नेमकी दलदल. शेवटी, पत्रलेखक भरवशाचा नाही, अशी तळटीप लिहून ती मोकळी झाली. अभिरामना ती चिकित्सा फार आवडली.

शनिवारी तिच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई, सरलाबाई, कोथिंबीर आणायला निघाल्या.

"आई, चर्चच्या उजवीकडून जा."

"चर्च उजवं घालून ना? बरं."

वीस मिनिटांनी त्यांचा फोन आला. "अगं, इथे दुकान कुठलं? नुसती बदकं आहेत."

"अहो, तुम्ही डावीकडून गेलात!"

"डावीकडून कशी? चर्च चांगलं उजव्या हाताला ठेवून आले. उजवं घालणं म्हणजे दुसरं काय? जन्मात कधी प्रदक्षिणा घातलीयेस का?"

अश्लेषाने नकाशा पुन्हा उघडला. उत्तरेकडे जाताना टेकडी उजव्या हाताला, म्हणजे फौज पश्चिमेने गेली. तिथे तर कोरडा माळ होता. कारकुनाने खरे तेच लिहिले होते. त्याला खोटे पाडले होते ते तिने.

"ऐकते आहेस ना? बदकं जवळ यायला लागलीत."

"तिथेच थांबा, आई. एक फोन करते आणि सायकल काढते."

अभिराम वैतागले. "रंगीत पानं छापखान्यात गेली, अश्लेषाताई. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना. चूक माझी, आणि बदनामी त्या बिचाऱ्याची."

"अहो, अडीचशे वर्षांपूर्वी गेलेला माणूस तो!"

"म्हणूनच तर. त्याला खुलासा कुठे पाठवता येणार आहे?"

पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. "पाठवा नवा बाण, ती तळटीप काढून टाकतो. छापखान्याच्या शिव्या मी खातो."

पुस्तक ठरल्यापेक्षा पाच आठवडे उशिरा, मार्च २०२३ मध्ये, प्रसिद्ध झाले. २०२५ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली.