व्याह्यांच्या हातातला पाना

मोटारीचा प्लग काढायचा म्हटलं की मामा आधी तो आवळायचे. चुकून नव्हे, मुद्दाम. केसभर आवळायचे, कान लावून ऐकायचे आणि मग पाना उलटा फिरवायचे. नवख्या माणसाला वाटायचं, ह्या बुवाला डावं-उजवं कळत नाही. "आदी त्याच्या मनासारखं करायचं रं," मामा सांगायचे, "मंग आपल्या मनासारखं."

लढाईची वर्षं होती. पेट्रोल मिळेना, म्हणून आमची खोपोली-कर्जत सर्व्हिस मोटार कोळशावर चालायची. मागच्या बाजूला बंबासारखी टाकी बसवलेली; तीत कोळसे पेटवायचे आणि निघेल त्या गॅसवर इंजिन हाकायचं. मी कंडक्टर, मामा ड्रायव्हर. माझे ते नात्याने कुणी नव्हेत. अख्खा रस्ताच त्यांना मामा म्हणायचा, त्यात मीही.

त्या गॅसने प्लगांवर काजळी धरायची. मग इंजिन खोकायला लागायचं आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं. म्हणून मामा रोज प्लग काढून पुसायचे. एखादा अडून बसला तर त्याच्या मुळाशी घासलेट सोडून खुशाल बिडी ओढत बसायचे. घासलेट रेशनवर. मामा ते घरच्या दिव्यातून औषधाच्या बाटलीत ओतून आणायचे आणि त्यावरून त्यांची बायको सकाळ-संध्याकाळ त्यांचा उद्धार करायची.

उतारू ओरडायचे, "मामा, आमची गाडी चुकंल!"

"चुकंल की. गाडी दुसरी येती. प्लग मोडला तर त्यो दुसरा नाय येत."

खरंच येत नव्हता. लढाईमुळे सुटे भाग बाजारात औषधालाही मिळत नसत.

मामांना एकच मुलगी. तिचं लग्न कर्जतच्या बाजूला ठरलं. घर भातशेतीचं, खाऊनपिऊन सुखी. नवऱ्या मुलाचे वडील मात्र धिप्पाड आणि तापट. त्यांचा आवाज ऐकूनच बैल चालायला लागत असावेत. मालकाने लग्नासाठी मोटार दिली. पण हळदीच्या दिवशी ती बदली ड्रायव्हरने चालवली आणि सगळे प्लग जीव खाऊन आवळून ठेवले. त्याच्या हाती वऱ्हाड द्यायला मामांचं मन होईना. लग्नाच्या सकाळी नवरीचा बापच नवा फेटा सीटवर ठेवून वऱ्हाड आणायला निघाला. मीही होतोच.

येताना चढावर इंजिन खोकलं आणि बंद पडलं. वऱ्हाड खाली उतरलं. बायका नवी लुगडी सावरत करवंदीच्या जाळीच्या सावलीला बसल्या. मामांनी प्लग पाहिले. बाकीचे निघाले, एक काही हलेना. मामांनी घासलेट सोडलं, बिडी पेटवली आणि बसले.

"किती येळ?" व्याही गरजले.

"त्यो सुटंस्तवर."

"मुहूर्त टळतोय आन् तुमी बिडी वडताय?" असं म्हणून व्याह्यांनी बाह्या सरसावल्या, पाना उचलला आणि दोन्ही हातांनी प्लगला भिडले.

मामा उठले. "व्याही, पाना सोडा."

"का? माज्या हातात जोर नाय?"

"लय हाय, म्हनून तर म्हंतो. त्यो आत मोडंल आन् मोटार हितंच ऱ्हाईल."

"पोरीचा बाप हायेस तू, इसरू नको!"

तुम्ही लग्नं पाहिली आहेत. मुलाच्या बापापुढे मुलीचा बाप कसा उभा राहतो, ते मी सांगायला नको. मामांनी सगळ्या वऱ्हाडादेखत व्याह्यांच्या हातातून पाना काढून घेतला. व्याही लाल झाले आणि रस्त्याच्या कडेला पाठ करून उभे राहिले.

मामा परत इंजिनावर वाकले, तेव्हा मला हळूच म्हणाले, "माजं काय नाय रं. आता तितं पोरीला बोल लागंल." मग पाना फडक्याने पुसला, पुन्हा पुसला. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं हिंडलो, पण स्वच्छ पाना पुसताना त्यांना तेव्हाच पाहिलं. पुसून झाल्यावर त्यांनी तो प्लगला लावला. मग केसभर आवळला, केसभर सोडला, पुन्हा आवळला, पुन्हा सोडला. अखेर तो कुरकुरत वर आला.

मुहूर्त गाठला. म्हणजे भटजींनी घड्याळाकडे पाठ केली, म्हणून गाठला. पण व्याहीभेटीच्या वेळी मामांनी मिठी मारली, तर व्याही मांडवाच्या मेढीसारखे ताठ उभे. मामांचा चेहरा उतरला, तो जेवणं झाली तरी उतरलेलाच.

पाठवणीच्या वेळी मुलीचा बाप मांडवाच्या दारात उभा राहून डोळे पुसतो. आमच्या मामांना तीही सवड नव्हती. मुलगी मागे बसून रडत होती आणि मामा तिला स्वतःच सासरी पोचवत होते. रस्ता दिसायला हवा, म्हणून डोळ्यांना पाणी येऊ देत नव्हते.

नवरी माप ओलांडून आत गेली. मामा खालीच, मोटारीपाशी उभे. तेवढ्यात व्याही स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले.

"घ्या. दमला असाल."

मामांनी हात जोडले. "पोरीच्या घरचं पानी नातवंडाचं त्वांड बघितल्याबिगर चालत नाय, व्याही. मोटारीला मात्र चालतं. तापलीय बिचारी."

व्याही मोठ्याने हसले, आत जाऊन कळशी घेऊन आले आणि नव्या धोतरावर पाणी सांडत त्यांनी स्वतः रेडिएटर भरला. "पोरीची काळजी करू नगा," एवढंच म्हणाले. मोटारीच्या आडोशाला मामा मग पोटभर रडले.

नातवंडाचं तोंड पाहणं त्यांच्या नशिबात नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि मामा गेले.

त्यानंतर एकदा कर्जतच्या स्टँडवर व्याही आले. खांद्यावर कळशी, गावापासून चालत आणलेली.

"नातू झाला," ते मला म्हणाले. "आमच्या हिरीचं पानी हाय. आता चालतं."

नवा ड्रायव्हर म्हणाला, "रेडिएटर भरलेला हाय, बाबा."

मी खाली उतरून रेडिएटरची तोटी सोडली, होतं ते पाणी वाहून जाऊ दिलं आणि झाकण काढून धरलं.