‘समजलं नाही’ म्हणायला लागलेले पंधरा महिने

जुलै २००५ मधला एक मंगळवार. परत आलेला माल शेहेचाळीस हजार रुपयांचा. हजर तिघं – आमचे मुदलाळी म्हणजे मालक, पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवरचे सर्वांत जुने कारागीर मुरुगेसन, आणि मी, उत्पादन विभागाचा प्रमुख. त्या दिवशी काय झालं ते मी तमिळमध्ये एकदा सांगितलं आहे. मराठीत कधीच नाही. घरी नाही, इथल्या मराठी मंडळात नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतो आहे.

मंडळातली नवी मुलं मला विचारतात – काका, इथल्या माणसांकडून काम कसं करून घेता? मी सवयींवर बोलतो. रोज सकाळी दहा मिनिटं उभ्याने बैठक, प्रत्येकाचं ऐकायचं, नावाने हाक मारायची. सगळं खरं आहे. पण ते मी कुठे शिकलो, हे मात्र गाळतो.

गिंडीतला आमचा कारखाना लहान. गाड्यांच्या कंपन्यांना पत्र्याचे ब्रॅकेट पुरवायचे. मी सोलापूरहून आलेला, आकडेमोडीत पक्का, तमिळमध्ये शून्य. म्हणजे अगदी शून्य नाही – एक शब्द येत होता. ‘सरी.’ ठीक आहे. कोणी काही बोललं की मान डोलवायची आणि म्हणायचं, सरी, सरी. बैठक वेळेत संपायची. मालक खूश. मीही खूश – का नसावं? माणसं बोलतात, मी ऐकतो, असंच दिसत होतं ना?

त्या मंगळवारच्या आदल्या आठवड्यात मुरुगेसन बैठकीत बराच वेळ बोलले. हातातला तुकडा दाखवला, भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं. प्रश्न होता हे आवाजावरून कळलं. काय होता, ते कळलं नाही. नऊ माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, ‘‘सरी, सरी. पण्णुंगो.’’ ठीक, करा.

ते विचारत होते – डायची, म्हणजे भोक पाडणाऱ्या साच्याची, धार गेली आहे, भोकं फाटताहेत, तरी माल काढू का?

एक हजार आठशे चाळीस नग श्रीपेरुंबुदूरच्या गाडी कंपनीकडून परत आले. मालकांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. मुरुगेसन म्हणाले, सारांना, म्हणजे मला, विचारलं होतं, त्यांनी करा म्हटलं. मालक माझ्याकडे वळले. मला तमिळ येतं असं मी नोकरी घेताना सांगितलं होतं – आता काय म्हणणार होतो?

मी म्हणालो, ‘‘हे मला काहीच बोलले नाहीत.’’

बस. एवढंच वाक्य. इंग्रजीत, स्वच्छ, न अडखळता. मुरुगेसन पुढच्या महिन्यात फोरमन व्हायचे होते. ते राहिलं. ते माझ्याशी भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी बैठकीला आले, उभे राहिले, आणि तोंड मिटून घेतलं. हळूहळू बाकीच्यांनीही मिटलं. दहा मिनिटांची बैठक तीन मिनिटांत संपू लागली. नऊ माणसं, आणि बोलणारा मी एकटा. याला नेतृत्व म्हणतात का?

मैलापूरला आमच्या घरमालकीण रुक्मिणीबाई, तंजावरच्या मराठी. त्यांची मराठी तमिळच्या चालीवर चालते. मी त्यांना म्हटलं, तमिळ शिकवा. भाजीवाल्याशी माझं बोलणं ऐकून त्या हसल्या. ‘‘काय हो, सरी सरी म्हणून वांगी मिळतील. माणसं मिळतील काय? आधी ‘पुरियलै’ म्हणायला शिका.’’

पुरियलै. समजलं नाही. दोन सकाळी हा शब्द म्हणायचं ठरवून मी पुन्हा ‘सरी’च म्हणालो, खोटं वाटेल तुम्हाला. तिसऱ्या सकाळी बैठकीत म्हणालो. सगळे खो खो हसले. मुरुगेसन सोडून. पण एकाने पुन्हा, सावकाश सांगितलं. मग मी नियमच केला – जे ऐकलं ते माझ्या मोडक्या तमिळमध्ये परत म्हणून दाखवायचं, आणि समोरचा ‘आमा’, हो, म्हणेपर्यंत काम सुरू करायचं नाही. माझ्या चुका सुधारायला तर माणसं धावतच यायची! वर्षभरात ती सगळ्यांचीच सवय झाली. शंभरात सहा नग बाद व्हायचे, ते एकावर आले. बैठकीला पुन्हा दहा मिनिटं पुरेनात. मुरुगेसन तेवढे गप्प.

२००६ ची आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. यंत्रांना चंदन-कुंकू लागलं होतं, झेंडूच्या माळा घातल्या होत्या. दारात दृष्ट काढून कोहळा फोडला, चुरमुरे वाटून झाले. मालक म्हणाले, या वर्षीचं यश सारांचं, त्यांनी चार शब्द बोलावेत.

चार शब्द! मी सगळं बोललो. तमिळमध्ये. की मुरुगेसन यांनी विचारलं होतं. की मला कळलं नव्हतं. की कळलं नाही हे न सांगता मी हो म्हणालो, आणि मग आत जाऊन खोटं बोललो. आवाज खणखणीत लागला. आयुष्यात इतकं चांगलं मी कधीच बोललो नव्हतो.

मग मुरुगेसन म्हणाले, ‘‘सार, तमिळमध्ये फार चुका आहेत. पण हकिकत बरोबर आहे.’’ आणि अख्खा कारखाना हसला. मीही.

सुट्टीनंतरच्या बैठकीत ते तीन नंबरच्या प्रेसबद्दल सलग सात-आठ मिनिटं बोलले. मी दोनदा पुरियलै म्हणालो. दोन्ही वेळा त्यांनी पुन्हा सांगितलं. तो दिवस मी माझ्या नोकरीतला सर्वांत मोठा मानतो.

मालक मात्र माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. नंतर मुरुगेसन फोरमन झाले. त्या वर्षीची माझी पगारवाढ मालकांनी रद्द केली. ती रक्कम, महिना नऊशे रुपये, त्यांनी मुरुगेसन यांच्या पगारात वाढवली.